क्रिश ३ आणि आमचा भाऊकाका

आमच्या घरात भावंडांची वयं जन्मसालावरून कधी कोणी मोजली नाहीत. तू शक्तिमानवाला का क्रिशवाला, एवढं विचारलं की थोरला-धाकटा कळायचा. दादा आणि ताई शक्तिमानवाले. १९९७ साली दूरदर्शनवर तो आला तेव्हा ती दोघं शाळेत होती. रविवारी दुपारी बाराच्या ठोक्याला वाईतल्या आमच्या वाड्याचं माजघर आळीतल्या पोरांनी भरून जायचं. मुकेश खन्ना एक हात वर करून गरगर फिरायचे, मग पोरंही फिरायची आणि चक्कर येऊन कोणीतरी हटकून आजीच्या ताकाच्या भांड्यावर आदळायचं. शक्तिमान वाचवेल या भरवशावर पोरं उड्या मारतात अशा गोष्टी कानावर यायला लागल्या, तेव्हा आप्पांनी, म्हणजे आजोबांनी, माळ्याच्या दाराला कुलूप ठोकलं. ते आमची दहावी होईस्तोवर निघालं नाही. पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री हे नाव एका दमात म्हणून दाखवलं की पाढे माफ, असा मात्र ताईचा आणि आप्पांचा सौदा ठरला होता.

आम्ही धाकटे क्रिशवाले. म्हणजे सगळे तसं म्हणतात म्हणून. खरं बघायला गेलं तर आमचा हिरो क्रिश कधीच नव्हता, त्याचा बाप होता. रोहित मेहरा. आणि त्याला कारण भाऊकाका.

भाऊकाका हा वडिलांचा सगळ्यांत धाकटा भाऊ. लहानपणी मोठ्या तापातून उठला आणि त्यानंतर अंगानं वाढत गेला, समज मात्र सात-आठ वर्षांच्या पोराचीच राहिली. बाकीच्या काकांना आम्ही अहो-जाहो करायचो, याला एकट्याला अरे-तुरे. चुकून कोणी ‘अहो’ म्हटलं तर तो मागं वळून बघायचा, हाक कोणाला मारली म्हणून. गोट्यांत तो आमच्या बाजूनं, पतंगाची फिरकी धरायला तोच, बेअरिंगची गाडी उतारावर ढकलायलाही तोच. राज्य आलं की रुसायचा आणि ओसरीवरच्या खांबाला मिठी मारून बसायचा. सुट्टे पैसे त्याला कळत नसत, पण गणपती घाटाच्या अंगाला कोणाच्या म्हशी किती वाजता पाण्यावर येतात हे तोंडपाठ. आळीबाहेरची पोरं त्याच्या चालण्याची नक्कल करायची. त्यावरून आमच्या जेवढ्या मारामाऱ्या झाल्या तेवढ्या क्रिकेटवरूनही झाल्या नाहीत.

रोहितचा पहिला सिनेमा ‘कोई... मिल गया’ लागला ८ ऑगस्ट २००३ ला. सिनेमाचं वाईकरांना अप्रूप नव्हतं. ‘गंगाजल’चं शूटिंग गावात झालेलं, पुढं ‘स्वदेस’साठी शाहरुख खानही मेणवलीत आला. पण शूटिंग दारात आणि बरं थेटर साताऱ्याला, अशी आमची तऱ्हा. आजीसकट सगळे एसटीनं निघालो. आजी आली ती रेखासाठी. आप्पा आले नाहीत. राज कपूर गेला तेव्हाच हिंदी सिनेमा संपला, असं त्यांचं म्हणणं होतं.

सुरुवातीचा बराच वेळ आमच्या रांगेत कोणी कोणाकडं बघितलं नाही. पडद्यावर हृतिक रोशन होता, ज्याचे फोटो ताईनं कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं चिकटवले होते तोच. पण केस चापून बसवलेले, मोठा चष्मा, तोंड जरासं उघडं. निम्म्या वयाच्या पोरांबरोबर पायानं रेटायच्या स्कूटरवर हिंडणारा, त्यांच्याच वर्गात बसणारा, टगी पोरं छळतात तेव्हा नक्की काय चाललंय हेच न कळणारा. भाऊकाका एवढा वेळ गप्प होता. मग थेटरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “आई, हा माझ्यासारखाय!”

पुढच्या रांगेतले दोघं-तिघं हसले. आजी म्हणाली, “होय रे. बघ आता गप.”

मग जादू आला. निळसर अंगाचा, बशीएवढ्या डोळ्यांचा. त्या पोशाखाच्या आत इंद्रवदन पुरोहित नावाचे नट होते हे आम्हाला फार उशिरा समजलं, आणि समजलं तेव्हा ताई दोन दिवस नाराज होती. आजीची काळजी वेगळीच. “अंगात काही नाही बिचाऱ्याच्या, आणि त्या डोंगरात थंडी केवढी.” जादूला ताकद मिळते ती उन्हातून. ती ताकद तो रोहितला देतो, मग रोहितचा चष्मा सुटतो, गणितं चुटकीसरशी सुटायला लागतात, बास्केटबॉलच्या सामन्यात तो आभाळाला हात लावतो. थेटरात शिट्ट्या. आमच्याही.

दुसऱ्या दिवसापासून भाऊकाकानं उन्हाचा ध्यास घेतला. शर्ट काढायचा, अंगणात तुळशीपाशी उभं राहायचं, डोळे मिटून तोंड वर करायचं. ऑगस्टात वाईला ऊन पडतंय कुठं? पसरणी घाटाकडून ढग खाली उतरलेले असायचे. जरा उघडीप मिळाली की हा ताटावरून उठून अंगणात. संध्याकाळी ताईपुढं पाटी घेऊन बसायचा, “गणित घाल.” ती दोन आणि तीन लिहायची. कधी पाच यायचे, कधी नाही. नाही आले की म्हणायचा, “आज ऊन कमी होतं.” ढग नसलेल्या दिवशी मात्र पंचाईत व्हायची, कारण मग सांगायला काही उरायचं नाही. शेवटी थोरली काकू ओला पंचा त्याच्या डोक्यावर टाकून त्याला हाताला धरून आत आणायची. त्या पावसाळ्यात आमच्या घरात कोणी जादूचं नाव काढत नसे.

सिनेमाला पुढं सामाजिक विषयावरच्या चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, परीक्षणंही पुष्कळ आली. पण आजीनं मेथी निवडता निवडता जे म्हटलं ते मला कुठं वाचायला मिळालं नाही. “त्याला हुशार कशाला करायचा? तसाच राहिला असता तर त्याच्या आईला जड झाला असता होय?”

तर ही आमच्या प्रेमातली अढी पहिल्या भागापासूनची. रोहित आवडतो तो भाऊकाकासारखा म्हणून, आणि सिनेमा म्हणतो की तसा आहे तोवर तो हिरो नाही.

‘क्रिश’ २३ जून २००६ ला आला, शाळा सुरू होऊन पंधरवडाही झाला नव्हता. बाजारात प्लॅस्टिकचे मुखवटे यायच्या आधीच आमच्या घरात कापडाचा तयार झाला. मधल्या काकांची लांब दांडीची काळी छत्री होती. तिच्या दोन पाकळ्या ब्लेडनं कापल्या, डोळ्यांना भोकं पाडली (एक वर, एक खाली), आणि दादाच्या जुन्या पायजम्याचं इलॅस्टिक टाचलं. त्या कापडाला डांबरगोळ्यांचा आणि ओल्या कुत्र्याचा मिळून एक वास यायचा. पावसात खेळलो की रंग सुटायचा आणि गालांवर काळे ओघळ यायचे. ते धुऊन जायला दोन आंघोळी लागत. काकांनी आठवड्यानं एसटी स्टँडवर छत्री उघडली तेव्हा त्यांना एका बाजूनं थेट आभाळ दिसलं. रात्री सगळ्यांची उलटतपासणी झाली. भाऊकाकानं कबुली देऊन टाकली. कापताना तो तिथं नव्हतासुद्धा, पण आमच्या वाटचा मार त्याला कोणी देणार नाही हे त्याला बरोबर ठाऊक होतं.

सिनेमा आम्हाला भयंकर आवडला. हाँगकाँगचे चिंग सिउ-तुंग यांनी बसवलेली मारामारी, सर्कशीला लागलेली आग, सिंगापूरच्या इमारतींवरून पळणारा तो काळा कोट. आपल्याकडं असं याआधी कोणी केलं नव्हतं, निदान एवढं निगुतीनं नव्हतं. भाऊकाका मात्र कंटाळला. तो रोहितला शोधत होता. रोहित मेला असं सुरुवातीलाच सांगतात, त्याची बायको निशाही त्या दुःखात गेलेली, नातवाला आजीनं लपवून वाढवलेलं. हा दर दहा मिनिटांनी विचारणार, “रोहित कधी येणार?” नसीरुद्दीन शाहच्या प्रयोगशाळेत रोहित जिवंत सापडला तेव्हा तो उठून उभा राहिला आणि मागच्या माणसानं “ओ काका, बसा” म्हणून ओरडेपर्यंत उभाच होता. एवढं एक दृश्य सोडलं तर ‘क्रिश’ त्याच्या लेखी वायाच गेला.

मग सात वर्षं गेली. आप्पा गेले, आजी गेली. दादा हिंजवडीला, ताई लग्न होऊन नाशिकला आणि तिथं विशेष मुलांच्या शाळेत शिकवायला लागलेली. आम्ही क्रिशवालेही पुण्यात कॉट बेसिसवर. वाड्यात थोरली काकू, काका आणि भाऊकाका. दरम्यान आम्ही ‘डार्क नाइट’ बघितला, ‘अ‍ॅव्हेंजर्स’ बघितला, आणि सुपरहिरो या विषयावर अधिकारवाणीनं बोलायला लागलो.

त्याच वर्षी, २०१३ च्या जूनमध्ये, ‘झपाटलेला २’ येऊन गेला होता, थ्रीडीत. महेश कोठारेच दिग्दर्शक, रामदास पाध्येंचा बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा आवाज. तात्या विंचू चष्म्यातून अंगावर आला. पण लक्ष्या नव्हता, तो २००४ सालीच गेलेला. ज्याच्या मागं लागल्यामुळं तात्या विंचूची मजा यायची, तो माणूसच नाही. थेटरातून बाहेर पडताना दादा म्हणाला, दुसऱ्या भागात भूत परत आणता येतं, माणूस नाही. दादा असली वाक्यं आधी ठरवून येतो असा माझा संशय आहे, पण हे बरोबर होतं.

‘क्रिश ३’ लागला १ नोव्हेंबरला, धनत्रयोदशीच्या दिवशी. सगळे दिवाळीला वाईत जमलेलो. भाऊबीजेला दादानं बहिणींना ओवाळणीत तिकिटं घातली आणि “हीच का ओवाळणी” यावरून जेवणापर्यंत भांडण झालं. ताईचा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा. त्यानं गाडीत पहिला प्रश्न टाकला, “क्रिश २ कुठंय?” त्याला समजावता समजावता साताऱ्याची वेस आली. ‘कोई... मिल गया’ हा एक, ‘क्रिश’ हा दोन, म्हणून हा तीन. “मग त्याचं नाव क्रिश २ का नाही ठेवलं?” पोराचा मुद्दा बिनतोड होता.

आता सिनेमाविषयी. विमानाचं पुढचं चाक अडकतं आणि क्रिश ते सोडवतो, तिथं आम्ही सगळे विसरून गेलो की आम्ही मोठे झालोय. हे सगळं काम इथल्याच माणसांनी, रेड चिलीजच्या स्टुडिओनं केलेलं, याचा अभिमान दादाला जरा जास्तच होता. लोकांना वाचवायला पळाल्यामुळं कृष्णाच्या, म्हणजे मुखवट्याबाहेरच्या क्रिशच्या, नोकऱ्या जातात, हेही त्याला फार पटलं. कंगना राणावतची काया, माणसांची रूपं घेणारी, कृष्णाची बायको प्रिया बनून घरात शिरते आणि घरातच अडकते; तिच्या वाट्याला आणखी अर्धा तास यायला हवा होता. पण मानव आणि जानवर मिळून ‘मानवर’ झाले आणि दादानं एकेकाचा इंग्रजी पत्ता सांगायला सुरुवात केली: रूप बदलणारी ‘एक्स-मेन’मधली, मनानं वस्तू हलवणाराही तिथलाच. आम्ही माना डोलावल्या. गाणी आली की आम्ही मोबाइल बघत होतो. एवढं सगळं जमवूनही सिनेमा आपल्या पायावर उभा का राहत नाही, याची चिडचिड होत होती. परकं असतं तर एवढे चिडलो नसतो.

ताईचं भांडण निराळं होतं आणि ते मला आजही खोडता येत नाही. खलनायक काल, म्हणजे विवेक ओबेरॉय, चाकाच्या खुर्चीत. बोटं सोडली तर शरीर निकामी. तो कोण, तर डॉ. आर्यनं (‘क्रिश’मधला नसीरुद्दीन शाह) रोहितचा अंश वापरून जन्माला घातलेलं मूल, अधू निघालं म्हणून अनाथाश्रमात टाकलेलं. म्हणजे रोहितचाच मुलगा. ताई म्हणाली, “पहिल्या सिनेमात वेगळं पोर आईनं सांभाळलं तर तो हिरो झाला. इथं तसलंच पोर टाकून दिलं तर ते राक्षस झालं, इथवर ठीक. पण टाकणाऱ्याबद्दल एक अक्षर नाही, आणि बाप त्याला बघून एकदाही रडत नाही.” रोहितच्या अस्थिमज्जेवर बरा होऊन काल खुर्चीतून उठतो तेव्हा थेटर घाबरतं. ताईनं त्या वेळी डोळे मिटून घेतले होते. तिच्या वर्गात चाकाच्या खुर्चीवरची मुलं होती, आणि दिवाळीच्या सुट्टीत तीही हा सिनेमा बघणार होती.

आणि रोहित. म्हातारा झालेला, केस पिकलेले, पण चाल तीच, हसणं तेच, बोलताना शब्दावर अडखळणं तेच. हुशारी परत मिळालेली, शास्त्रज्ञ झालेला, तरी आतलं पोर गेलेलं नाही. माझं म्हणणं ऐकणाऱ्याला पटत नाही, पण हृतिकचं सगळ्यांत अवघड काम ‘कोई... मिल गया’त नाही, ‘क्रिश ३’त आहे. एकाच पडद्यावर तो बापही आहे आणि मुलगाही, आणि आमच्या रांगेत कोणाचंही लक्ष मुलाकडं नव्हतं. रोहित ऊन वापरून मेलेल्यात जीव आणायचा प्रयोग करत असतो. जादूचंच ऊन, दहा वर्षांनी. ऊन बेताचं असेल तर जीव येतो, जास्त झालं तर राख होते. शेवटी काल कृष्णाला मारतो, तेव्हा रोहित ते जास्तीचं ऊन स्वतःच्या अंगावर घेतो आणि मुलाला उठवून स्वतः संपतो.

माझ्या बाजूला ताईचा मुलगा खुर्चीवर उभा राहून टाळ्या वाजवत होता, कारण क्रिश उठला होता. पलीकडं भाऊकाका. सिनेमाभर तो मजेत होता. लांब जिभेचा मानवर आला तेव्हा हसून हसून त्याला ठसका लागलेला. आता त्यानं काकूचा हात धरला आणि विचारलं, “त्याला ऊन जास्त झालं ना?”

काकू म्हणाली, “हो.”

“डोक्यावर पंचा नाही टाकला कोणी.”

परतीच्या वाटेवर गाडीत दोन तट पडले. दादाच्या मते रोहितला मारणं ही पळवाट; दोन हृतिक सांभाळणं अवघड झालं की एक कमी करायचा. माझ्या मते एवढा धड निरोप हिंदी सिनेमात बापाला क्वचित मिळतो, आणि आजीनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आलं: रोहित हुशारीमुळं हिरो झाला नाही. ताईनं दोघांनाही उडवून लावलं. तिचं म्हणणं, निरोप चांगला होता म्हणून बाकीचा सिनेमा माफ करायचा नाही. लिंबखिंड मागं पडली तरी वाद चालूच होता. ताईचा मुलगा मागच्या सीटवर क्रिश होऊन मानवरांना मारत होता आणि भाऊकाका त्याच्यासाठी मानवर झाला होता.

पोरासाठी तो सिनेमा उत्तम होता, हे मान्य करायला आम्हाला बरीच वर्षं लागली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शननं ‘शक्तिमान’ पुन्हा दाखवायला घेतला, तेव्हा त्याच पोरानं दादाला विचारलं, “तुम्हाला हे आवडायचं?” दादानं उत्तर दिलं नाही. त्याच दिवसांत टीव्हीवर ‘क्रिश ३’ही दिसला. आधी विषाणू सोडायचा आणि मग त्यावरचं औषध विकायचं, हा कालचा धंदा २०१३ साली आम्ही फारच बाळबोध म्हणून मोडीत काढला होता. मुंबईच्या रस्त्यावर पटापट पडणारी माणसं बघताना या खेपेला कोणी काही म्हणालं नाही. काकूनं चॅनल बदललं.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये ‘कोई... मिल गया’ वीस वर्षांनिमित्त पुन्हा थेटरात आणला, तेव्हा ताईनं आम्हा सगळ्यांना कळवलं आणि नंतर स्वतःच म्हणाली, नको. भाऊकाका आता पन्नाशीच्या पुढं आहे, पुन्हा अंगणात जाऊन उभा राहिला तर काकूला आता त्याला ओढून आणणं झेपणार नाही. आम्ही गेलो नाही.

आणि आता चौथा. २०२५ च्या मार्चमध्ये राकेश रोशन यांनी जाहीर केलं की ‘क्रिश ४’ हृतिक स्वतः दिग्दर्शित करणार, निर्मितीला आदित्य चोप्रा सोबत. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या आमच्या घरच्या ग्रुपवर वाढदिवसाच्या केकखाली बातमी येऊन पडली आणि भाऊबीजेचे तट पुन्हा उभे राहिले. दादा म्हणतो, अभिनय करून दिग्दर्शन करायचं म्हणजे एकाच माणसाला पुन्हा डबल रोल. ताईचा मुलगा आता बारावी उरकून बसलाय. त्याला ‘क्रिश ३’ हा त्याच्या लहानपणचा सर्वांत थोर सिनेमा वाटतो आणि तो आमच्यापैकी कोणाचंही ऐकून घेत नाही. मी लिहिलं, सगळ्यांनी मिळून जाऊ, भाऊकाकालाही नेऊ, कडेची खुर्ची बघून तिकिटं काढतो.

काकू सहसा ग्रुपवर गुड मॉर्निंगपलीकडं काही टाकत नाही. या खेपेला तिनं बोलून निरोप पाठवला: “तिकिटं काढायच्या आधी रोहित आहे का तेवढी चौकशी करा. नसला तर याचं तिकीट काढू नका, सबंध सिनेमाभर मला विचारून खाईल.”